कॅप्टन मार्टेल यांची सातवी शस्त्रक्रिया

(दृश्य : दोन जुने कृष्णधवल फोटो, शेजारी शेजारी)

डावीकडे आहेत कॅप्टन चार्ल्स मार्टेल. अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. साल १९१८. उंची सहा फूट एक इंच, खांदे ताठ, मान सरळ.

उजवीकडेही मार्टेलच आहेत, काही वर्षांनंतरचे. छातीचा पिंजरा पुढे आलेला, पाठीला पोक, मान खांद्यांत रुतलेली. मधल्या काळात त्यांची उंची तब्बल सात इंचांनी कमी झाली होती. तरुण माणूस, पण जरा धक्का लागला की हाड मोडायचं. लघवीतून बारीक पांढरी वाळू पडायची. दुखणं म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच कळत नव्हतं.

(दृश्य : जुन्या न्यूयॉर्कचे रस्ते, मग रुग्णालयाचा लांबच लांब वॉर्ड)

१९२६च्या सुरुवातीला मार्टेल न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाले. तिथल्या डॉ. यूजीन ड्युबॉइस यांनी त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं. निरोगी माणसात ते साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असतं, १०० मिलिलिटर रक्तद्रवात. मार्टेल यांचं निघालं १४च्या आसपास. हाडांत कॅल्शियम टिकत नव्हतं आणि रक्तात मावत नव्हतं.

ड्युबॉइस यांना आठवण झाली ती बॉस्टनच्या डॉ. जोसेफ ऑब यांची. ऑब शिशाच्या विषबाधेवर काम करत होते. कामगारांच्या हाडांत साठलेलं शिसं बाहेर काढायला ते एक नवा अर्क वापरत. पॅराथायरॉइड ग्रंथींपासून काढलेला हा अर्क कॅनडातल्या जेम्स कॉलिप यांनी १९२५मध्ये तयार केला होता. तो टोचला की हाडांतून शिसं निघायचं आणि सोबत कॅल्शियमही. रक्तातलं कॅल्शियम चढायचं. मार्टेल यांच्या शरीरात, बाहेरून काहीही न टोचता, नेमकं हेच चाललं होतं. ड्युबॉइस यांचा निष्कर्ष सरळ होता : या माणसाची स्वतःचीच एखादी पॅराथायरॉइड ग्रंथी वेड्यासारखी काम करते आहे.

(दृश्य : मानेचं रेखाचित्र, फुलपाखरासारखी थायरॉइड, तिच्या मागे चार लहान ठिपके)

या ग्रंथी बहुतेकांना चार असतात. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. नावात थायरॉइड असलं तरी काम पूर्णपणे वेगळं. आपल्या शरीरात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचा ठोका, रक्त गोठणं हे सगळं अवलंबून. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं, की या ग्रंथी आपलं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम मूत्रपिंडाकडून अडवून घेतं आणि मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचं प्रभावी रूप घडवून आणतं. ते रूप मग आतड्याला अन्नातलं कॅल्शियम शोषायला लावतं. पातळी पुरेशी झाली, की ग्रंथी आपणहून थांबतात.

मार्टेल यांच्या शरीरात ‘आता पुरे’ ही खूण पोचतच नव्हती.

(दृश्य : मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, बॉस्टन. वजनकाट्यावर मोजलं जाणारं जेवण)

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वॉर्ड क्रमांक चार खास संशोधनासाठी होता. तिथे मार्टेल यांच्या ताटात पडणारा घास न घास तोलला जाई. लघवी आणि शौच जपून ठेवून त्यातलं कॅल्शियम मोजलं जाई. किती आत गेलं, किती बाहेर पडलं, याचा रोजचा जमाखर्च. ऑब यांच्यासोबत वॉल्टर बॉवर होते आणि फुलर ऑलब्राइट नावाचा तरुण डॉक्टर होता. कॅल्शियमच्या चयापचयाबद्दल पुढे जे शास्त्र उभं राहिलं, त्याचा मोठा भाग या जमाखर्चावर उभा आहे. मार्टेल यांचा वाटा मला या डॉक्टरांइतकाच मोठा वाटतो. आठवडेच्या आठवडे असं मोजमाप करून घेणं सोपं नसतं.

निदान झालं होतं. आता ज्या ग्रंथीत गाठ वाढून ती बेफाम झाली होती, ती गाठ शोधून काढायची. १९२६मध्ये मान दोनदा उघडली. गाठ नाही, हाती लागली ती निरोगी ग्रंथी. १९२९मध्ये न्यूयॉर्कला तिसऱ्यांदा. तेव्हाही काही नाही.

(दृश्य : शवविच्छेदन कक्ष, रिकामं टेबल)

१९३२मध्ये मार्टेल बॉस्टनला परतले. या वेळी ऑलिव्हर कोप हे तरुण शल्यचिकित्सक पुढे आले. जिवंत माणसाच्या मानेला हात लावण्याआधी त्यांनी शवागारात एकामागून एक मृतदेहांच्या मानेतल्या या ग्रंथी शोधायचा सराव केला. रक्ताने माखलेल्या चरबीत पिवळसर तपकिरी दाणा ओळखायला नजर तयार व्हावी लागते. त्यानंतर मार्टेल यांची मान आणखी तीनदा उघडली. एकूण सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि गाठ अजून सापडली नव्हती.

मधल्या काळात मार्टेल स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तकं वाचत होते. त्यांच्या लक्षात आलं, की गर्भावस्थेत खालच्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी छातीतल्या थायमस ग्रंथीसोबत वरून खाली सरकतात. एखादी वाटेत थांबत नाही, सरळ छातीत उतरते. मान सहा वेळा शोधून झाली, आता छाती उघडा, असा आग्रह त्यांनीच डॉक्टरांकडे धरला.

नोव्हेंबर १९३२. एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांनी छातीच्या हाडाच्या मागे शोध घेतला. गाठ तिथेच होती. सुमारे तीन सेंटिमीटरची.

बहुतेक भाग काढला, रक्तवाहिन्यांसकट थोडा तिथेच राहू दिला. आधीच्या शस्त्रक्रियांत निरोगी ग्रंथी गेली होती, तेव्हा शरीराकडे काहीतरी उरायला हवं, हा त्यामागचा विचार. तरीही तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरलं, की मार्टेल यांचे स्नायू आखडू लागले. वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं आता मिळेल ते कॅल्शियम ओढून घेत होती.

त्यातून ते सावरत होते. पण मूत्रपिंडाचं नुकसान आधीच झालं होतं. मूत्रवाहिनीत खडा अडकला, त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सातव्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांनी कॅप्टन मार्टेल गेले. आजार हरला होता, पण इलाज पोचायला उशीर झाला.

(दृश्य : सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्रपिंडातला पांढरा ठिपका)

हे प्रकरण ऑलब्राइट विसरले नाहीत. हाडं मोडेपर्यंत थांबायचं कशाला? या आजारात लघवीतून कॅल्शियम वाहतं, म्हणजे आधी मुतखडे होणार. त्यांनी आपल्याच रुग्णालयातल्या मुतखड्याच्या रुग्णांचं कॅल्शियम तपासायला सुरुवात केली, आणि एकामागून एक रुग्ण सापडत गेले. १९३४मध्ये या गटाने एकाच रुग्णालयातले १७ सिद्ध झालेले रुग्ण जगापुढे मांडले. तोवर हा आजार अतिदुर्मीळ समजला जात होता.

१९७०च्या दशकात अमेरिकेत स्वयंचलित यंत्रांवर नेहमीच्या रक्ततपासणीतच कॅल्शियम मोजलं जाऊ लागलं. तेव्हापासून तिकडे बहुतेक रुग्ण काहीही त्रास नसतानाच कळतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथले रुग्ण तुलनेने तरुण असतात, आणि बरेचसे येतात ते मोडलेलं हाड, जबड्यावरची सूज किंवा वारंवार होणारे मुतखडे घेऊन. जवळपास मार्टेल यांच्यासारखेच. खडा झाला की घरोघरी काय होतं, ते आपण जाणतो. कुळथाचं कढण, पाषाणभेद, टोमॅटो बंद, दूध बंद. फारच झालं तर दुर्बिणीतून खडा काढायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दूध बंद करण्याचा सल्ला तर बऱ्याचदा उलटा पडतो, कारण जेवणात कॅल्शियम कमी झालं की आतड्यातून ऑक्झलेट, म्हणजे अन्नातला खडे घडवणारा घटक, जास्त शोषलं जातं. आणि खडा का झाला, हे रक्ताला विचारायचं राहूनच जातं.

(दृश्य : नाशिकचे जुने वाडे, उंच भिंती, आतला काळोख, मग उघड्या रानात काम करणारी माणसं)

यात ड जीवनसत्त्वाचाही मोठा हात आहे. १९२२मध्ये, म्हणजे मार्टेल आजाराशी झुंजत होते त्याच काळात, हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिककडच्या मुडदुसाचा, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजाराचा, अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत बायका-मुलं गोषात आणि भिंतींआड राहत, तिथे खाणंपिणं बरं असूनही मुडदूस होता. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो आढळत नव्हता. २००० साली दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनीही हीच गोष्ट रक्ताच्या आकड्यांत दाखवली : उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांत ड जीवनसत्त्व बऱ्यापैकी, आणि रुग्णालयाच्या छताखाली दिवस काढणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांत फारच कमी.

ड जीवनसत्त्व कमी पडलं, की पॅराथायरॉइड ग्रंथींना जास्त राबावं लागतं. बहुतेकांमध्ये कमतरता भरून काढली की त्या शांत होतात. पण ग्रंथीत गाठ असेल, तर ही कमतरता दुहेरी घात करते. हाडं जास्त पोखरली जातात, आणि रक्तातलं कॅल्शियम फारसं वाढलेलं दिसत नाही. अहवाल पाहून रुग्ण निर्धास्त होतो आणि आजार लपून राहतो.

(दृश्य : औषधांच्या दुकानातला काउंटर, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या)

पण म्हणून ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० युनिटची पुडी आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेत राहू नका, ही कळकळीची विनंती आहे. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं तर तेही कॅल्शियम चढवतं, मूत्रपिंडाला इजा करतं. खडा दुसऱ्यांदा झाला असेल, साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या कॅल्शियमबद्दल विचारा. सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही. कॅल्शियम चढलेलं असताना ते संप्रेरक दबलेलं असायला हवं. दबलेलं नसेल, तर संशयाची सुई ग्रंथीकडे जाते.

(दृश्य : आजचं शस्त्रक्रियागृह, पडद्यावर छातीचा आणि मानेचा स्कॅन)

गाठ मानेत आहे की छातीत, हे आता बहुतेक वेळा सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन) आणि सोनोग्राफी आधीच सांगतात. या संप्रेरकाचं रक्तातलं आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं असतं. त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी, रुग्ण टेबलावर असतानाच, रक्त तपासायला धाडता येतं. पातळी निम्म्याहून खाली आली असेल, तर दुसरीकडे कुठे शोधायची गरज बहुधा उरत नाही. मग शल्यचिकित्सक टाके घालायला घेतात, आणि भुकेल्या हाडांसाठी कॅल्शियम लगेच सुरू होतं.