संशय आला की बाहेर

(मैदान. टॅकल, अतिशय संथ गतीत.)

रग्बीतला हा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, नीट पाहा. खांदा लागला तो छातीवर. डोक्याला कुणाचाही स्पर्श झालेला नाही. धड जागच्या जागी थांबलं, डोकं मात्र पुढे झेपावलं आणि गर्रकन वळलं. मानेला ते आवरता आलं नाही. पुन्हा एकदा पाहू. हनुवटी खांद्याकडे फिरते आहे, तिथे चित्र थांबवलंय. कन्कशनला, म्हणजे हादऱ्याने मेंदूचं काम काही काळ बिघडायला, एवढा झटका पुरतो.

(पारदर्शक कवटी, आत जेलीचा मेंदू.)

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं सरळ आपटलं तर तो मागेपुढे हलतो. डोकं फिरलं, तर त्याचे थर एकमेकांवरून सरकतात आणि लांब मज्जातंतू ताणले जातात. जेलीवर आखलेल्या सरळ रेषा कशा वाकतात, पाहा. ताणलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हे पूर्ववत करायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. स्कॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. सीटी स्कॅन काढतात तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही ना, हे पाहायला. स्कॅन नॉर्मल आला म्हणून कन्कशन नाही, असं समजणं चूक आहे.

आता तीच कवटी हेल्मेट घालून. कवटी फुटण्यापासून हेल्मेट वाचवतं, त्यासाठी ते घालायलाच हवं. पण आतला मेंदू हेल्मेटसकट फिरतो. रग्बीतली मऊ टोपी कान आणि टाळू सोलवटण्यापासून वाचवते. कन्कशनवर तिचा भरवसा धरू नये.

(साइडलाइन. फिजिओ पडद्यावर तोच टॅकल पाहते आहे.)

बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. त्यामुळे फिजिओ पाहते ती पुढची काही सेकंदं. पडताना खेळाडूने हात पुढे केले का? पडल्यावर निपचित राहिला का? उठताना पाय लटपटले, नजर शून्यात गेली, की तो भलत्याच बाजूला धावत सुटला? शुद्ध हरपणं, झटके येणं, हात ताठ होऊन हवेत राहणं किंवा तोल जाणं यांपैकी एकही दिसलं, तर चाचणीची गरजच उरत नाही. तो खेळाडू त्या दिवशी परत मैदानात उतरत नाही.

(मैदानावर.)

पहिला हात मानेला. मान दुखते का, हातापायांत मुंग्या आहेत का, याचं उत्तर मिळेपर्यंत त्याला बसवायचं नाही, उचलायचं नाही. डोक्यावर हेल्मेट असेल, तर प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी ते काढायचं नाही. घाईघाईत ‘ऊठ, काही झालं नाही’ म्हणत हात धरून उभं करणारे सहकारी मनाने चांगलेच असतात. पण मणका दुखावला असेल तर तेच सगळ्यात मोठं नुकसान करतात.

मग पाच प्रश्न. आपण कोणत्या मैदानावर आहोत? कितवं सत्र चालू आहे? शेवटचे गुण कुणी मिळवले? मागचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? नाव, वार, तारीख विचारून फारसं कळत नाही, कारण कन्कशन झालेला खेळाडूही ते बहुधा बरोबर सांगतो. अडखळतो तो नुकत्याच घडलेल्या गोष्टींवर. या पाचांपैकी एक जरी उत्तर चुकलं, तरी खेळाडू बाहेर.

(शांत खोली. दार बंद.)

रग्बीत या तपासणीसाठी 12 मिनिटं मिळतात. तेवढा वेळ बदली खेळाडू मैदानात असतो, त्यामुळे संघाचं काही अडत नाही. दार बंद ठेवतात ते प्रेक्षकांचा आवाज आत येऊ नये म्हणून, आणि खरं तर प्रशिक्षकही.

आधी लक्षणं. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, ‘डोक्यात धुकं’, अशी 22 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 6 गुण. मग दहा शब्द, सेकंदाला एक या वेगाने. खेळाडूने आठवतील तेवढे सांगायचे. हीच यादी तीनदा. मग आकडे उलटे: 5-2-8 ऐकले की 8-2-5 म्हणायचं. त्यानंतर वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे.

आता तोल. बूट काढलेले, डोळे मिटलेले, हात कंबरेवर. दोन्ही पाय जोडून 20 सेकंदं, मग ज्या पायाने तो चेंडू मारत नाही त्या एका पायावर 20, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून 20. हात कंबरेवरून सुटला, डोळे उघडले, पाऊल हललं, टाच उचलली, की एकेक चूक मोजायची. धाप लागलेली असताना कुणाचाही तोल जातो, म्हणून आधी खुर्चीत बसवून श्वास शांत होऊ द्यायचा. मग जमिनीवरच्या तीन मीटर पट्टीवर टाचेला बोटं लावत जायचं, वळायचं, परत यायचं. निदान पाच मिनिटं गेली, की पुन्हा तेच दहा शब्द. या वेळी यादी वाचून दाखवायची नाही.

हे गुण कशाशी ताडायचे? त्याच्या स्वतःच्या गुणांशी. मोसम सुरू होण्यापूर्वी, ठणठणीत असताना हीच चाचणी घेऊन ठेवलेली असते. काहींना एरवीही महिने उलटे म्हणता येत नाहीत. काही जण पुढे मार लागला तरी खेळता यावं म्हणून तेव्हा मुद्दाम कमी गुण घेतात; अनुभवी डॉक्टरच्या ते लक्षात येतं. आणि गुण चांगले आले, तरी डॉक्टरला संशय असेल तर खेळाडू बाहेरच.

(संग्रहित छायाचित्रं.)

2014 च्या फुटबॉल विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर 17 व्या मिनिटाला डोक्याला मार लागूनही खेळत राहिला. मध्येच त्याने पंचांना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे का? ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचं म्हणणं किती धरायचं, ते यातून कळतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत काही आढळलं नाही, तो पुन्हा फलंदाजीला आला, आणि लक्षणं दिसली ती दुसऱ्या दिवशी. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. म्हणूनच चाचणीत पास झालेल्यालाही दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं.

मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर विशेषतः कोवळ्या वयात मेंदू सुजून जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं मार बसत राहिले, तर सीटीई हा मेंदूचा ऱ्हास होऊ शकतो.

(व्यायामशाळा. सायकल, मनगटावर नाडीमापक.)

पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नाही. फोन आणि टीव्ही कमी, चालणं चालेल. दारू नाही, गाडी चालवायची नाही, आणि पहिले काही तास एकटं सोडायचं नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय.

मग सायकल. 220 मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मर्यादा ढोबळमानाने कळते. वीस वर्षांच्या खेळाडूची ती 200. सुरुवात तिच्या 55 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 110, मग 70 टक्के, म्हणजे 140. दहापैकी दोन गुणांपर्यंत त्रास वाढला आणि तासाभरात शमला, तर काळजी नको. त्याहून वाढला, तर तिथेच थांबायचं, उद्या पुन्हा. पुढे एकट्याने धावणं, मग संघासोबत विनासंपर्क, म्हणजे टॅकलशिवाय सराव, मग पूर्ण संपर्क, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. संघासोबतचा सराव सुरू करण्याआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत. पूर्ण संपर्काआधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यायची. विद्यार्थी असेल, तर आधी पूर्ण वेळ शाळा, मग सामना.

(सराव. टॅकलची उशी.)

इंग्लंडमध्ये हौशी रग्बीत 2023 पासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाखालीच टॅकल करता येतो. या मुली तेच शिकताहेत. नजर वर, पाठ सरळ, गुडघे वाकलेले, आणि आपलं डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला. डोकं त्याच्या पुढ्यात आलं, की त्याचा गुडघा किंवा कंबर थेट कपाळावर बसते. रग्बीत टॅकल करणाऱ्यालाच जास्त कन्कशन होतात, म्हणून प्रशिक्षक शिट्टी वाजवून थांबवते, डोक्याची बाजू बदलायला लावते आणि तोच टॅकल पुन्हा करून घेते, आधी चालत, मग जॉगिंग करत, आणि जमला तरच पळत.