आधी अयुथया, मग बँकॉक

(दादरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बँकॉकला कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा बघू. आणि थायलंडच्या जुन्या राजधानीला, अयुथयाला? बघा, किती हात खाली गेले! बँकॉकपासून ८० किलोमीटर. इथून लोणावळा तेवढंच.

प्रांग आणि चेदी, म्हणजे तिथल्या देवळांतले दोन तऱ्हेचे मनोरे, कसे ओळखायचे, हा आजचा विषय. त्याकडे येतेच. पण आधी जेवणाचं सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही.

आम्ही बावीस जण एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. वाट महाथातसाठी मिळाली पस्तीस मिनिटं. (वाट म्हणजे देऊळ. आपल्याकडे लागते ती नव्हे.) आणि जेवायला? पावणेदोन तास! भारतीय थाळीसाठी बस पार शहराबाहेर नेली. जे नगर ४१७ वर्षं राजधानी होतं, तिथे आम्ही पनीर-फुलके खात बसलो. मी तक्रार केली तर टूर मॅनेजर म्हणतो, "मॅडम, देवळं सगळी सारखीच असतात." त्या एका वाक्यासाठी मी आज इथे उभी आहे.

वाट महाथातमधलं, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं दगडी मस्तक तुम्ही फोटोत पाहिलं असेल. आपलं डोकं त्याहून उंच राहू नये म्हणून तिथे खाली बसायचं असतं. रखवालदार हातानेच खुणावतो, खाली, खाली. आमच्यातल्या एका काकूंना गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येईना. आम्ही दोघींनी धरून त्यांना जमिनीवर टेकवलं. फोटो राहिला, काकूंनी हात जोडले. उठताना त्यांनी शेजारच्या भिंतीचा आधार घेतला. गिलावा केव्हाच गळालेला, विटांच्या कडा झिजलेल्या. तळहाताला तांबडी भुकटी लागली. ती त्यांनी पुसली नाही, बसमध्ये चढेपर्यंत बघत होत्या.

त्या विटांचंच मला सांगायचंय. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने वर्षभराहून लांबलेल्या वेढ्यानंतर हे नगर जाळलं. आपण समजतो, संपलं. पण १७८२ मध्ये पहिल्या रामाने (हा तिथला राजा, आपला राम नव्हे) बँकॉकला राजधानी वसवली, तेव्हा तटबंदीसाठी अयुथयाच्या विटा चाओ फ्राया नदीतून खाली नेल्या. अयुथयाच्याच वाट फ्रा श्री सान्फेतमध्ये सोन्याने मढवलेली, सुमारे १६ मीटर उंच उभी बुद्धमूर्ती होती. ब्रह्मी सैन्याने आग लावून तिचं सोनं वितळवलं. उरलेला धातूचा सांगाडा राजाने बँकॉकच्या वाट फोमध्ये एका हिरव्या चेदीच्या पोटात ठेवला. निजलेला बुद्ध बघायला तुम्ही वाट फोला गेलाच असाल, म्हणजे त्या चेदीच्या अगदी जवळ होतात! घारापुरीचा दगडी हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे आणि आपण पेंग्विन बघायला पुढे जातो, तसंच हे. बँकॉकच्या लांबलचक अधिकृत नावातसुद्धा अयुथया आहे. म्हणून म्हणते, आधी अयुथया बघा, मग बँकॉक.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर प्रांग म्हणजे मक्याच्या कणसासारखा, ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या वळणाचा. चेदी घंटेसारखी, वर टोकदार, तिच्यावर श्रीलंकेची छाप. श्री सान्फेतच्या तीन चेदी रांगेत आहेत, राजांच्या अस्थींसाठी बांधलेल्या. वाट रात्चबुराणाच्या प्रांगातलं तळघर १९५७ मध्ये चोरांनी फोडलं. वाचलेलं सोनं चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे, तिथे तासभर द्याच. १६३० चं वाट चाइवत्थनाराम नदीकाठी आहे, ते संध्याकाळी बघायचं. आमची बस चारलाच निघाली.

आगगाडीने जा, दीड-दोन तास लागतात. दशम्या बरोबर न्या आणि गाडीतच खाऊन घ्या.