पायरीची उंची

(दादर येथे वायरमन, फिटर आणि पॅनेलचे, म्हणजे विजेच्या स्विच-पेट्यांचे, काम करणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, स्टेप ड्रिल (टोकापासून पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारे, पत्र्यात भोक पाडण्याचे बिट) आणि कोन ड्रिल (पायऱ्यांशिवाय सलग जाड होत जाणारे बिट) यांची निवड व सुरक्षित वापर असा आजचा विषय जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक तक्रार मांडण्याची परवानगी द्या, कारण ती माझ्या मनात कित्येक वर्षे आहे. मुंबईच्या बाजारात लोहार चाळीत जा किंवा नागदेवी स्ट्रीटवर जा, हे बिट मागताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो: ‘कितीपर्यंत जातं?’ दुकानदारही तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ४ ते १२, ४ ते २०, ४ ते ३२ मिमी व्यासांची अशी तीन बिटे समोर ठेवली जातात आणि आपण खिशाकडे पाहून एक उचलतो. वेष्टनावर पहिला व शेवटचा व्यास छापलेला असतो, पायऱ्या किती आहेत तेही असते. पण एकेक पायरी किती उंच आहे, हे बहुतेक वेष्टनांवर मला सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की दुकानात विचारायचा पहिला प्रश्न उंचीचा असला पाहिजे.

आपण रोज पत्र्यात भोके पाडणारी माणसे आहात, तेव्हा हे बिट कसे दिसते यात वेळ घालवत नाही. साध्या बिटाने पातळ पत्र्यात मोठे भोक पाडले की ते तिकोनी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. टोक आरपार गेले की त्या बिटाला मध्यावर धरून ठेवणारे काही उरत नाही, आणि त्याच्या कडा पत्र्यात भिरभिरू लागतात. स्टेप ड्रिलमध्ये नवी पायरी कापायला लागते, तेव्हा आधीच्या पायरीचा गोल भाग अजून भोकातच असतो आणि तोच बिटाला मध्यावर धरतो, म्हणून भोक गोल येते. परंतु हे सारे पत्रा पायरीपेक्षा पातळ असेल तोवरच खरे आहे. पायरी ४ मिमी उंच आणि लोखंड ५ मिमी जाड असेल, तर वरची पायरी चावायला लागते तेव्हा खालची पायरी अजून कापतच असते. दोन्ही एकाच वेळी कापू लागल्या की मशीनवरचा भार एकदम वाढतो आणि बिट अडकते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लालबागच्या एका जुन्या इमारतीत पंपाच्या पॅनेलसाठी स्टँड बसवायचा होता. पावसाळ्याचे दिवस होते, पंपाच्या खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल चढलेली होती, आणि पॅनेल जमिनीपासून वर उचलून घेण्याची घाई सगळ्यांनाच होती. स्टँड ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलचा, म्हणजे ५ मिमी जाडीच्या काटकोनी लोखंडी पट्टीचा होता. स्टँडच्या पायात अँकरसाठी (जमिनीत रोवायच्या बोल्टसाठी) १४ मिमीची चार भोके हवी होती आणि १४ चे साधे बिट आणायचे राहिले होते. माझ्याजवळ ४ ते २० चे स्टेप ड्रिल होते. तोवर मी ते पॅनेलच्या दीड-दोन मिमीच्या पत्र्यावर वापरत आलो होतो आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास होता, म्हणून तेच मी सोबतच्या मुलाच्या हातात दिले. तो विशीतला होता, कामाला चपळ होता. त्याने अँगल एका फळीवर ठेवला, चपलेने दाबून धरला, मशीनचे बटण लॉक केले आणि भोक पाडायला घेतले. दहाच्या पायरीपर्यंत काम व्यवस्थित चालले. बाराच्या पायरीला मशीन गुरगुरू लागली. तो म्हणाला, ‘काका, अडकतंय.’ मी भिंतीवर खुणा करत होतो. मागे न वळता मी म्हणालो, ‘दाब थोडा.’

त्याने दाबले. चौदाची पायरी अँगलच्या वरच्या कडेला लागली, तेव्हा बाराची पायरी खाली शेवटच्या एका मिलिमीटरमध्ये अजून रुतलेली होती. बिट अडकले, अँगल चपलेखालून सुटून गर्रकन फिरला आणि त्याच्या नडगीवर आदळला. बटण लॉक असल्यामुळे मशीन थांबली नाही. तिने त्याचे मनगट पिळले. मी धावत जाऊन भिंतीवरचा प्लग ओढला, तोपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. नडगीला टाके पडले आणि उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. मजुरीवर जगणाऱ्या घरात सहा आठवडे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या संध्याकाळी मी ते बिट घरी आणून पट्टीने मोजले. प्रत्येक पायरी ४ मिमीची होती. वरच्या पायऱ्यांच्या कडा निळ्या पडल्या होत्या, आणि त्या निळ्या रंगाने मला दुसरा धडा शिकवला. आमच्या मशीनला एकच वेग होता, मिनिटाला २८०० फेरे. चार मिमीच्या टोकाशी त्या वेगात बिटाची कड मिनिटाला सुमारे ३५ मीटर धावते. हायस्पीड स्टीलच्या बिटाने साधे लोखंड कापताना हा वेग २५ ते ३० मीटर असावा, म्हणजे टोकापाशी फारसे काही बिघडलेले नव्हते. परंतु चौदाच्या पायरीला त्याच २८०० फेऱ्यांत कड १२३ मीटर धावते. ज्या वेगाने काम सुरू झाले तोच वेग बोट न हलवता साडेतीनपट घातक झाला होता. साध्या बिटाचा व्यास एकच असतो, त्यामुळे वेग एकदा ठरवला की पुरते. स्टेप ड्रिलमध्ये मात्र व्यास हातातल्या हातात वाढत जातो, म्हणून प्रत्येक पायरीला मशीन अधिक हळू चालवावी लागते. साध्या लोखंडासाठी हिशेब ढोबळ ठेवा: चौदाला सुमारे ५५०, विसाला ४००, बत्तिसाला २५० फेरे. यासाठी बटणाच्या दाबावर वेग बदलणारी आणि बाजूला दुसरी मूठ असलेली मशीन हवी, आणि हातात धरून काम करताना बटणाचे लॉक कधीही लावू नये.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे. जाहीर केलेल्या विषयासाठी दहाच मिनिटे उरली आहेत, म्हणून आता भराभर सांगतो.

निवडताना पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा किमान अर्धा-एक मिमी जास्त आहे ना, हे आधी मोजा. मग व्यास पाहा, आणि शेवटचा नव्हे तर मधले. पॅनेलच्या पुश बटणाला आणि इंडिकेटरला २२.५ चे भोक लागते. दोन-दोन मिमीने वाढणाऱ्या बिटावर २२ नंतर थेट २४ येतो. २० मिमी आट्यांची ग्लँड (पेटीत शिरणारी केबल घट्ट धरणारी जोडणी) २० च्या भोकात जात नाही, तिला अर्धा मिमी मोकळीक हवी. ग्लँडच्या मापांची वेगळी बिटे मिळतात. ज्यांचे रोजचे काम तेच आहे त्यांनी ती घ्यावीत, कानशीने भोक वाढवत बसू नये. शँकला, म्हणजे बिटाच्या मागच्या दांड्याला, तीन सपाट बाजू असल्या तर तो चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, घसरत नाही. सोनेरी मुलामा पाहून भुलू नका. आतले पोलाद हलके असेल तर मुलाम्याने ते सुधारत नाही. स्टेनलेस स्टीलसाठी कोबाल्ट असलेले बिट घ्या, फेरे साध्या लोखंडाच्या निम्म्याहून कमी ठेवा, तेल लावा आणि दाब सोडू नका, कारण बिट न कापता नुसते घासत राहिले की ते स्टील तिथेच कडक होते.

कोन ड्रिलला पायऱ्या नसतात, त्यामुळे मधला कोणताही व्यास मिळतो. पण भोकाची भिंत तिरपी राहते आणि माप सर्वस्वी हातावर अवलंबून असते. पातळ पत्रा, प्लास्टिकची पेटी किंवा आधीचे भोक थोडे वाढवणे, एवढ्यासाठीच ते वापरावे, आणि हव्या त्या व्यासावर चिकटपट्टीची खूण करून घ्यावी.

वापरताना सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) भोकाच्या मध्याची खूण करा, काम शिकंजात किंवा क्लँपमध्ये आवळा, पाय किंवा हात हा क्लँप नव्हे. हॅमरचे, म्हणजे ठोके देण्याचे, बटण बंद ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र फिरत्या बिटाजवळ घालू नका, कारण त्यांचा एक धागा गुंतला तरी मागोमाग बोट ओढले जाते. बाहेर पडणारा कीस चांदीसारखा असला तर वेग बरोबर आहे, निळा झाला तर थांबा. हवे ते भोक झाल्यावर पुढच्या पायरीची तिरपी कड नुसती टेकवली की वरची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार किनार, निघते. मागच्या बाजूची बर मात्र वेगळी काढावी लागते, नाहीतर तीच पुढे वायरचे इन्शुलेशन कापते. चालू बसवलेल्या पॅनेलमध्ये भोक पाडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करून टेस्टरने तपासा आणि आतले बसबार (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) कापडाने झाका. पडलेला कीस मोजून गोळा करता येत नाही, झाकण काढून ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावा लागतो.

मी सहा बिटे आणि एक व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) सोबत आणले आहे, ते समोरच्या टेबलावर ठेवतो. आपल्या पिशवीतली बिटेही काढा आणि चहा येईपर्यंत प्रत्येकाने आपल्या बिटाची पायरी मोजून घ्यावी. लालबागचे ते बिटही त्यात आहे. त्याच्या वरच्या कडा अजून निळ्या आहेत.