रिकामा बाक आणि तिसरा महिना

(दृश्य : वर्गात हजेरी चालू. खिडकीकडच्या रांगेत एक बाक रिकामा.)

वर्गातलं एक मूल कर्करोगानं आजारी पडलेलं असतं. चाळीस मुलांचा वर्ग असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याला चाळीस शुभेच्छापत्रं जातात. महिन्याभरानं दोन-तीन. तिसऱ्या महिन्यात काहीच नाही. कुणी दुष्ट नसतं. वर्ग पुढे सरकलेला असतो, इतकंच. आजारी मूल मात्र तिथेच असतं. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात.

या काळात शाळा सलग बुडत नाही, तुकड्यातुकड्यांनी बुडते. केमोथेरपीनंतर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा ७ ते १४ दिवसांत सर्वांत खाली जातात आणि मग गर्दी टाळावी लागते. त्यामुळे कुठला आठवडा बरा जाईल आणि कुठला अवघड, याचा अंदाज आधी बांधता येतो. तो एका कागदावर लिहून शाळेला द्यावा.

(दृश्य : भिंतीवर तारखांचा तक्ता.)

शाळेकडून एक माणूस, घराकडून एक माणूस. निरोप याच दोघांमधून जावेत. हे ठरलं नाही की शाळेतल्या भावाला किंवा बहिणीला जो तो गाठतो, 'कसा आहे गं तो?' दिवसातून दहा वेळा. त्या पोराला टपाल्याचं काम देऊ नका.

वर्गाला सांगण्याआधी आजारी मुलाला विचारायचं : आजाराचं नाव घ्यायचं का? केस गेल्याचं सांगायचं का? काय सांगायचं नाही? वर्गातून तीन शंका हमखास येतात, कधी बोलून, कधी न बोलता. मला होईल का? माझ्यामुळे झालं का? तो मरणार का? मधली शंका मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. पण लहान मुलांना खरंच वाटतं, की परवा भांडण झालं म्हणून तो आजारी पडला. कर्करोग शेजारी बसून लागत नाही आणि भांडणानं होत नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगावं. तिसऱ्या शंकेवर 'लवकर बरा होईल' असं वचन देऊ नये. 'डॉक्टर उपचार करताहेत, वेळ लागेल' एवढं खरं असतं.

आता पत्रं. सगळी एकदम पाठवू नका. चाळीस मुलं, आठवड्याला चार, म्हणजे दहा आठवडे पुरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. 'लवकर बरा हो' हे चाळीस वेळा वाचण्यात काय गंमत? कुणाचा दात पडला, कुणी जागा बदलली, प्रयोगाच्या तासाला काय सांडलं, हे लिहावं. खाली 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' ही ओळ हवीच, नाहीतर पत्रांचाही गृहपाठ होतो. सोबत ताजी फुलं किंवा कुंडी पाठवू नये. पाण्यात आणि मातीत जंतू, बुरशी असते, म्हणून कर्करोगाच्या अनेक वॉर्डांत त्यांना मनाई असते.

(दृश्य : बाकावर उभा केलेला टॅब्लेट.)

व्हिडिओ कॉलचा घोटाळा बहुतेक वेळा आवाजात असतो. चित्र अडखळलं तर मूल सोसतं. आवाज तुटला की कंटाळून बंद करतं. टॅब्लेटचा माइक जवळचं आधी उचलतो : कुजबुज, सरकणारा बाक, पंखा. शिक्षक राहतात लांब. म्हणून त्यांच्या कॉलरला छोटा माइक लावावा. टॅब्लेट त्या मुलाच्याच जागी ठेवावा, बसल्यावर डोळे येतात त्या उंचीवर. समोर उजेडाची खिडकी नको, नाहीतर फळा काळा दिसतो. नेटचा वेग मोजताना लोक डाउनलोड बघतात. वर्गातून बाहेर जातो तो अपलोड. तो निदान २ एमबीपीएस असावा. सुरुवात २० मिनिटांनी करावी. रेकॉर्डिंग नको, वॉर्डातली इतर मुलं चौकटीत यायला नकोत.

कॅमेरा बंद करण्याचा हक्क मुलाचा. नळी नाकात आहे, उलटी येते आहे, तोंड सुजलं आहे, अशा वेळी कुणी बघावं असं कुणाला वाटेल? नॉर्वेतल्या 'नो आयसोलेशन' कंपनीचा 'एव्ही१' हा बाकावर बसणारा रोबो नेमका हाच पेच ओळखतो. मुलाला वर्ग दिसतो, वर्गाला मूल दिसत नाही, फक्त आवाज येतो. हात वर करायचा असेल तर डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. आज बोलायचं नाही असं मुलानं ठरवलं, की तो निळा होतो.

पण रोबो असो वा टॅब्लेट, मधल्या सुट्टीत तो कपाटात बंद झाला तर अर्धी शाळा तिथेच गेली. गणिताचा तास बुडाला तर भरून काढता येतो. डब्याभोवतीच्या गप्पा नाही. दर आठवड्याला दोन मुलांची पाळी लावा : यंत्र चार्ज करणं, उचलून नेणं आणि सुट्टीत सोबत ठेवणं.

एक निरोप मात्र त्याच तासाला जायला हवा. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला आणि आजारी मूल अधूनमधून शाळेत येत असेल, तर घरी लगेच फोन. संपर्कानंतर कांजिण्यांसाठीचं प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, शक्य तितक्या लवकर, फार तर १० दिवसांच्या आत द्यावं लागतं. गोवरासाठी ही मुदत ६ दिवसांची. सोमवारची सूचना शुक्रवारी वहीत लिहून पाठवणं इथे चालत नाही.

(दृश्य : टोपी घातलेलं मूल वर्गाच्या दारात, पाठमोरं.)

परतताना पहिले दिवस दोन तासांचे. टोपीची परवानगी लेखी, कारण बदली शिक्षकांना ती ठाऊक नसते. पाणी आणि स्वच्छतागृह यांसाठी हात वर करायला लावू नये. दप्तराचा दुसरा संच वर्गातच. खेळाच्या तासाला गुण मोजण्याचं काम.

आणि मूल परत आलं म्हणून पाळ्यांचा तक्ता उतरवायची घाई नको. शरीरात सेंट्रल लाइन, म्हणजे औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी, असताना ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तरी लगेच पुन्हा हॉस्पिटल. त्या दुपारी पत्र लिहायची पाळी कुणाची, हे तक्त्यावर आधीच असावं.