नर बोलावतो, मादी येते

मंडळी, विषय ठरलाय रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या गंधसंकेतांचा. पण बुटेनांटची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आडोल्फ बुटेनांट, जर्मन रसायनशास्त्रज्ञ. नोबेल त्यांना १९३९ सालीच जाहीर झालं होतं, लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी. पण त्यांना छळत होता दुसराच प्रश्न: रेशमाच्या पतंगाची मादी बसल्या जागेवरून नराला बोलावते ती कशाने? उत्तर मिळायला वीसेक वर्षं गेली, मध्ये महायुद्ध होऊन गेलं. सुमारे ५ लाख माद्यांच्या पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथी कापल्या, आणि हाती आलं काही मिलिग्रॅम द्रव्य. १९५९ साली ते जगासमोर आलं, बॉम्बिकॉल. त्या ५ लाख ग्रंथी कापणारे हात किती असतील हो! मला त्या हातांबद्दल फार आदर वाटतो.

शेतीने हे ज्ञान लगेच उचललं. गुलाबी बोंडअळीच्या पतंगासाठी कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या कृत्रिम गंधाने नराला अडकवणारा सापळा, लावतात, हे इथे निम्म्या लोकांना माहीत असेल. माझी तक्रार अशी की, पीक वाचवायला जी अक्कल लावली, ती माणूस वाचवायला तेवढ्या नेटाने लावली नाही. रोगाच्या कीटकांचं नाव निघालं की आपण बोलतो माणसाच्या वासाबद्दल: श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामातलं लॅक्टिक ॲसिड. ते हवंच. पण हे कीटक एकमेकांना कसे गाठतात?

डासांचं विचाराल, तर तिथे कानाचं काम मोठं. संध्याकाळी नरांचा थवा घोंघावतो, मादी त्यात शिरते, नर तिच्या पंखांचा आवाज ओळखतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुद्द्याचंच बोलतो. वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, काळा आजार पसरवते; एका परजीवीमुळे होणारा हा जीवघेणा ताप. तिची दक्षिण अमेरिकेतली जात लुट्झोमिया लाँगिपाल्पिस. इथे गंध सोडतो नर. जनावराच्या आसपास नर जमतात आणि माद्या त्या गंधाकडे येतात. रक्त पितात त्या फक्त माद्या. पतंगाच्या सापळ्यात अडकतो नर, आणि उरलेला एखादा नर अनेक माद्यांना पुरतो. वाळूमाशीत सापळ्याकडे येते ती थेट रोग पसरवणारी मादी! ब्राझीलमध्ये कृत्रिम गंधाच्या पुड्या कोंबड्यांच्या खुराड्यांपाशी लावून शेजारी कीटकनाशक फवारलं. कोंबड्यांत हा परजीवी टिकत नाही, म्हणून जागा खुराड्याची. परजीवी टिकतो तो कुत्र्यांत, आणि तिथल्या कुत्र्यांमधली लागण कमी झाली.

आफ्रिकेत निद्रारोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीत नर-मादी दोघंही रक्त पितात. तिथे नराला खेचणारं मिथाइल पाल्मिटोलिएट २०२३ साली पुढे आलं, म्हणजे सापळ्याचं गणित वेगळं. म्हणून प्रत्येक जातीचा गंध स्वतंत्रपणे शोधावा लागेल. ज्या वाळूमाशीचा गंध हाती आहे तिच्यासाठी मात्र थांबायचं कारण नाही. औषध फवारायचंच आहे, तर त्याच भिंतीवर गंधाची पुडीही लावा.