जुन्या तैलचित्राला नवा रंग का लावू नये?

नमस्कार मंडळी. मी उभी आहे जुन्या गोव्यात, पुरातत्त्व संग्रहालयाच्या दारात. आत वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं ओळीने लावलेली आहेत. १५४७ साली तेव्हाचे गव्हर्नर जुवांव द कास्त्रो यांनी ही चित्रमालिका सुरू करवली. देखरेख पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैया यांची, पण ब्रश होता इथल्याच एका चित्रकाराच्या हातात. त्याचं नाव उरलं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पुढे ओल लागली, रंग सुटले, की दुरुस्ती म्हणून या चित्रांवर नवे रंग चढत गेले. काही चित्रं लिस्बनला साफ केली, तेव्हा वरच्या थराखालून जुनं रंगकाम निघालं.

हे मी घरी अनुभवलंय. आमच्या वसरीत पणजोबांचं तैलचित्र होतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. चवथीआधी घर रंगवायला आलेल्या माणसाने प्रेमाने त्यांची पगडी लालभडक केली आणि डोळे काळेभोर. आजी म्हणाली, "हे आमचे न्हयत." तिने परत कधी त्या भिंतीकडे पाहिलं नाही.

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की आपल्याला नवं शिखर, नवी फरशी डोळ्यांपुढे येते. चित्राच्या बाबतीत तीच सवय घात करते.

मग एकोणिसाव्या शतकातलं व्यक्तिचित्र संवर्धन होऊन संग्रहालयात परत येतं, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? आधी अतिनील दिव्याखाली बघतात. जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर लावलेला रंग काळ्या डागासारखा दिसतो. मग काडीला कापूस गुंडाळून, द्रावणात भिजवून, तो चित्रावर हलकेच फिरवायचा. घासायचा नाही. कापूस चहासारखा तपकिरी होतो, कारण झाडाच्या राळेपासून केलेलं व्हार्निश काही दशकांत पिवळं पडतं. एवढ्याशा चौकोनाला अख्खी सकाळ जाते. आणि अचानक, काळा वाटणारा कोट निळा निघतो!

रंग फक्त जिथे खपली उडालीय तिथेच भरतात, तोही मूळ चित्राला धक्का न लावता पुन्हा काढता येईल असा. म्हणून परत आलेल्या चित्रावर भेगा दिसल्या तर काम अर्धवट राहिलं असं समजू नका. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात.

आपल्याकडे खरा वैरी पावसाळा. कॅनव्हास दमट हवेत ओलावा पितो, उन्हाळ्यात सुकतो, आणि या ताणाताणीत वरचा रंग तडकून उचलला जातो.

तुमच्या घरात असं चित्र असेल तर ओलं फडकं लावू नका, खोबरेल तर अजिबात नको. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळेल. आणि खपली पडलीच, तर ती फेकू नका. कागदाच्या पुडीत ठेवा, संवर्धकाला ती लागते.