‘बाबा, हे पाहा, बैल!’

श्रोतेहो, नमस्कार. तुळशी वृंदावनाला आपण जो गेरू लावतो, तोच गेरू हजारो वर्षांपूर्वीच्या गुहाचित्रकारांचा मुख्य रंग होता. (हल्ली पुडीतून गेरू म्हणून जे विकतात, त्याला मी गेरू मानत नाही, पण ते असो.) गेरू आणि कोळसा एवढ्या सामग्रीवर उत्तर स्पेनमधील आल्तामिरा गुहेचे छत रंगले, आणि ते छत कसे सापडले, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

१८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला हे गृहस्थ त्या गुहेत दगडी हत्यारे शोधत होते. सोबत आठ वर्षांची लेक मारिया होती. वडील जमीन उकरत होते, म्हणून त्यांची नजर खाली होती; लेकीला उकरायचे काम नव्हते, म्हणून तिची नजर वर गेली. ‘बाबा, हे पाहा, बैल!’ ती ओरडली. ते होते बायसन, आपल्या गव्यांचे भाऊबंद. खडकाला जिथे मुळातच फुगवटा होता, तिथे चित्रकाराने जनावराचे अंग बसवले होते. कोळशाची रेघ आणि आत गेरू.

साउतुओला यांनी १८८० मध्ये हे प्रसिद्ध केले, तेव्हा विद्वानांनी ती बनवाबनवी ठरवली. छतावर काजळी नाही, मग अंधारात रंगवले कसे, असा एक आक्षेप होता. रॉकेलच्या चिमणीने काळवंडलेली भिंत पाहिलेल्या माणसाला तो पटेलही. परंतु हाडांतील मज्जेवर जळणारा दिवा काजळी फारच थोडी धरतो. लबाडीचा तो आळ डोक्यावर असतानाच १८८८ मध्ये साउतुओला वारले. पुढे फ्रान्समध्ये तशाच चित्रांच्या गुहा सापडल्या, आणि विरोधकांतील अग्रणी एमिल कार्तायाक यांनी १९०२ मध्ये लेख लिहून आपली चूक जाहीरपणे कबूल केली. मारियाची नजर खरी ठरली, पण बाबा गेल्यावर चौदा वर्षांनी.

आता, ही चित्रे काढली कशासाठी? शिकार साधावी म्हणून केलेला तो तोडगा होता, असे बराच काळ मानले गेले. मात्र फ्रान्समधील लास्को गुहेत सापडलेली हाडे बहुतांशी रेनडिअरची आहेत, आणि भिंतींवर रेनडिअर जेमतेम एक. घोडे मात्र शेकडो. म्हणजे जे खात होते, ते रंगवत नव्हते. आपणही रोज आमटी-भात खातो, पण रांगोळीत काढतो तो मोर.